वाटीतली मुंगी

"मुंगी मेली! अजून कोन्ता सबूत पायजे तुला?"

दगडाबाईनं पितळी वाटी कोकिळाच्या नाकापुढं धरली. वाटीच्या तळाला थोडंसं दूध, आन् दुधावर एक काळी मुंगी, पाय आखडून उताणी पडलेली.

"दुधात बुडिवली तर मरंलच की," कोकिळा म्हणाली. "मुंगी हाय ती, बेडूक न्हाई."

"जीभ बघा भवानीची! परवा एक मेली. काल एक मेली. आज ही तिसरी. तीन दिस तीन मुंग्या खोटं बोलायल्यात आन् तू एकली खरी?"

"दूध मपलं हाय. लेकरू मपलं हाय. द्या इकडं."

"लेकरू तुपलं हाय मनून इख पाजू देऊ का त्याला?"

"इख न्हाई ते!"

"मंग लेकरू तोंड कामून फिरवतंय? आं? सांग की. आठ दिसाचं लेकरू, त्याला कोनी शिकिवलं? त्याला कळतंय, तुला कळंना."

कोकिळानं हात पुढं केले. दगडाबाईनं दुपट्यात गुंडाळलेली पोर छातीशी धरली, दुसऱ्या हातात वाटी घेतली आन् पायानंच दार वढून घेतलं. खोलीत अंधार झाला. बाहेर ओसरीवर पोर रडायला लागली, आन् रडणं कानावर पडल्याबरोबर कोकिळाची चोळी दोन्हीकडून आपोआप भिजली. दूध असं वाहायलं होतं आन् त्याला कोणी घ्यायचं नव्हतं.

दगडाबाई कोकिळाची सासू नव्हं. नवऱ्याची आत्या. सासू कवाच मेली, तवा ह्या रांडव आत्यानंच आसारामला वाढवलं. कोकिळा तिला आत्याबाई म्हणायची. कोकिळाची स्वतःची आई बी नव्हती, म्हणून पहिलटकरीण असून बाळंतपण सासरीच. माहेरी बाप होता, मानवतला जिनिंगात रुई वाहायचा, पण बाप माणूस बाळंतिणीचं काय करणार? घरात दोघीच बाया. त्यातली एक रुसली की दुसरीनं भिताडाशी बोलायचं.

पोर जन्मली तवा चांगली टपोरी होती. दोन दिस रीतीपरमाणं गुळाचं पाणी दिलं, पहिला चीक पिळून टाकला. तिसऱ्या दिवशी अंगावर घेतली, आन् तिथून हे सुरू झालं. पोर तोंड तर उघडायची, लय आधाशासारखी धरायची, पण धरलं की सुटायचं. टक, टक असा आवाज यायचा, जसं कोणी बैलाला चुचकारायलंय. दूध हनुवटीवरून गळ्यात. दोन घोट गेले की पोर दमायची, मंग चिडायची, मंग तोंड फिरवून किंचाळायची. कोकिळाला तर असं व्हायचं की कोणी चिमटा लावून पिळायलंय. दोन्हीकडं चिरा पडल्या. पाचवीच्या दिवशी सटवाईपुढं बसवली तवा ती दात दाबून बसली होती, आन् बाया म्हणल्या, बाळंतिणीचं तोंड कसं आंबट झालंय.

सहाव्या दिवशी दगडाबाईनं वाटी मागवली. रीत अशी होती: बाळंतिणीचं दूध वाटीत पिळायचं, आन् तिच्याच खोलीतली मुंगी धरून त्यात सोडायची. बाहेरची मुंगी चालत न्हाई. बाहेरच्या मुंगीला ह्या घरातलं काय ठावं? मुंगी पोहून कडंला आली तर दूध गोड. मेली तर दूध कडू, आन् कडू दूध लेकराच्या आतड्याला लागतं. मुंगी मेली. दगडाबाईनं पोर उचलली ती ओसरीवर नेली. शेजारच्या चतुराबाईची शेळी व्यालेली होती, तिचं दूध आणून त्यात निम्मं पाणी घातलं आन् कापसाची वात भिजवून पोरीच्या तोंडात पिळायला लागली.

दोन दिसांत पोरीला हगवण लागली. दगडाबाई म्हणली, आईचं पोटात गेलेलं बाहेर पडायलंय.

ह्या सगळ्यात आसाराम घरी नव्हता. आसाराम म्हंजी कोकिळाचा नवरा. एकोणीस वर्सांचा, डोक्यानं गरम. गावच्या मदरशात चार जमाती उर्दूत शिकला, मंग पोलीस अक्शन झालं, निजाम गेला, मास्तर बदलले, म्हणले आता मराठीत परत पहिलीपासून. हा लिंबाच्या झाडाएवढा पोरगा चिल्ल्यापिल्ल्यांत बसून अ आ ई काढायला तयार होईना. पाटी मास्तरच्या टेबलावर आपटून जो बाहेर पडला तो पडला. आता सरकारी हिवतापाच्या फवारणीत लागला होता. बादली, पंप, लांब नळी, आन् पाण्यात कालवलेली पांढरी पावडर. सरकारी मोटारीच्या खटाऱ्यात बसून गावोगाव फिरायचं, घराघरात भिताडं फवारायची, दारावर गेरूनं तारीख लिहायची. महिना महिना घरी येणं न्हाई.

कोकिळा बाजेवर बसून होती. बाळंतिणीनं सव्वा महिना खोली सोडायची न्हाई. पुढचं दार ओसरीला, मागचं दार न्हाणीला, आन् मधी ही बाज. दिवस असा लांबायचा की संपता संपंना. ओसरीवर जातं फिरलं की कळायचं सकाळ झाली. शेळी बोंबलली की कळायचं पोरीची वात भरायलेत. पोर रडली की मोजायची, किती वेळ रडतीय. आज कालच्यापेक्षा कमी रडली. कमी रडली ह्यात तिला बरं वाटायला पायजे होतं. पण ते रडणं शांत झाल्याचं नव्हतं. दमल्याचं होतं.

नवव्या दिवशी सकाळी सुईण धुरपताबाई न्हाऊ घालायला आली. म्हातारी रोज यायची, आधी पोरीला, मंग आईला. तेवढा वेळ पोर खोलीत असायची, आन् तेवढाच वेळ कोकिळाला ती दिसायची. धुरपताबाईनं पोरीला पायावर पालथी घातली, पाठ चोळली, मंग उताणी केली. पोर रडली. तोंड हे एवढं उघडलं.

कोकिळा वाकली. "मावशे, थांब. ही बघ."

"काय बघू?"

"जीभ. रडताना आपली जीभ वर येती. हिची येईना. खालीच चिकटून बसलीय. आन् टोक बघ, मधीच दबलंय, पिंपळाच्या उलट्या पानावानी."

धुरपताबाईनं डोळे बारीक केले. तिला दिसत नव्हतं. मंग बोट तेलात बुडवून पोरीच्या जिभेखाली घातलं आन् चाचपलं.

"हाय," म्हणली. "दोरा हाय. पुढपत्तोर हाय. जीभ बांधलीय पोरीची."

"मनून तिला धरता येईना?"

"मनून न्हाई तर काय? बैलाच्या पायात साखळदंड घाल आन् मन वखर वढ."

"मंग तू आत्याबाईला सांग की!"

"मी काय सांगू माय? ती मुंगी दावंल मला." म्हातारीनं पोरीच्या अंगावर कोमट पाणी सोडलं. "पयले मी हे नखानं तोडायची. आंगठ्याचं नख वाढवून ठिवलं होतं त्याच्यासाठीच. लय लेकरांचं तोडलं. मंग एकाचं रगत थांबंना. सांजंपत्तोर थांबलं न्हाई. त्या दिसापून नख वाढू देत न्हाई मी." तिनं आंगठा दाखवला. नख मुळापर्यंत कुरतडलेलं. "सेलूच्या सरकारी दवाखान्यात डागदर कैचीनं तोडतोय मनत्यात. तिकडं नेयाला पायजे."

"न्हेईल कोन?"

"ते मला नको इचारू." आन् मंग जरा थांबून, "पन तवर पोरीच्या पोटात कायतरी जाऊ दे. वातीनं पाजायलेतच तर शेळीचं कामून? तुपलंच पिळून पाज. धरता येत न्हाई, गिळता तर येतंय."

एवढं सरळ होतं. आन् मधी ती मेलेली मुंगी आडवी पडलेली होती.

धुरपताबाई जाताना कोकिळाची छाती बघून म्हणली, "दगडावानी झाल्यात. पिळून टाक, न्हाईतर ताप चढंल. आन् कुटं बी टाकू नको. कोनाच्या पायाखाली दूध येऊ नये. झाडाच्या बुडाला टाक."

दगडाबाईनं पोर उचलून नेली. कोकिळानं वाटीत दूध पिळलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत पिळलं. मंग मागच्या दारानं न्हाणीत गेली. न्हाणीच्या सांडपाण्यावर एक पपईचं झाड उगवलं होतं. त्याच्या बुडाला काल बी तिनं दूध टाकलं होतं, परवा बी.

वाटी वाकडी करायला हात खाली नेला आन् हात तिथंच राहिला.

झाडाच्या बुडाला मुंग्या होत्या. एक न्हाई, दोन न्हाई, रांगच्या रांग. कालच्या दुधाचा वाळलेला पांढरा डाग होता, त्याच्यावर तुटून पडल्या होत्या. काही यायल्या होत्या, काही जायल्या होत्या. एक बी मेलेली नव्हती. कोकिळा उकिडवी बसली. वाटीतला एक थेंब पानावर सोडला. एक मुंगी आली, तोंड लावलं, पोट फुगेपर्यंत पिली आन् आपल्या वाटंनं चालती झाली.

कोकिळा उठली, खोलीत गेली. गुडघ्यावर बसून भिताडाच्या कडंनं रांगत रांगत बघत सुटली. कोपऱ्यात तीन मुंग्या, उताण्या. बाजेच्या पायाशी दोन. दाराच्या उंबऱ्याजवळ एक अजून वळवळायली होती, स्वतःभोवती फिरत होती दारुड्यासारखी. इथं कुठं दूध सांडलेलं नव्हतं. एक माशी बी मेलेली. एक झुरळ पाय वर करून.

तिनं मान वर केली. भिताडावर पांढरे ओघळ होते.

बाळंतपणाच्या महिनाभर आधी खटारा गावात आला होता. सगळ्या घरांना एक हात मारला, पण ह्या खोलीला आसारामनं दोन हात मारले. बादलीत तळाला राहिलेला दाट गाळ बी इथंच संपवला. "मपल्या लेकराला मच्छर चावला न्हाई पायजे," म्हणला होता, आन् दगडाबाईला बजावलं होतं, "आत्या, सारवायचं न्हाई ह्या खोलीला. सारवलं तर पावडर झाकती." दगडाबाई कुरकुरली होती, बाळंतिनीची खोली आन् बिनसारवलेली! पण भाच्याचं ऐकलं.

म्हंजी मुंग्या दुधानं मरत नव्हत्या. ज्या भिताडावरून दगडाबाई त्या धरून आणायची, ते भिताडच त्यांना आधी मारत होतं. वाटीत त्या मरायलाच यायच्या.

कोकिळा पुढच्या दाराशी गेली आन् दार ठोकलं. "आत्याबाई! जरा आत या. तुमाला दावायचंय."

"काय दावतीस?"

तिनं सगळं सांगितलं. पपईचं झाड, मुंग्या, भिताड, पावडर. लय जल्दी जल्दी, अर्धं तोंडात, अर्धं बाहेर. दगडाबाई दाराच्या पल्याड उभी राहून ऐकत होती. मंग ती बोलली ते कोकिळाला वाटलं तसं ओरडून न्हाई. हळू बोलली.

"पोरी, मला दोन लेकरं झाली होती. तुला कोनी सांगितलं का?"

कोकिळाला कोणी सांगितलं नव्हतं.

"पयल्याला मी पाजलं. सासू नको नको मनायली तरी पाजलं. तुपल्यावानीच भांडले. म्हैना बी न्हाई जगलं. दुसऱ्याच्या टायमाला सासूनं मुंगी सोडली. मेली. मंग मी हात लावला न्हाई. शेळीचं पाजलं. पन आधी एक डाव, एकच डाव, अंगावर घेतलं होतं मी, चोरून. त्याच्यानंच गेलं ते. अकराव्या दिसी." कडी खडखडली, तिनं दार बाहेरून घट्ट वढून धरलं. "मनून तुपली चोरी व्हायच्या आधी मी उचलून आनलं. तू मला शिव्या दे. पन ही पोर मी जगिवनार."

कोकिळा दाराला कपाळ टेकून उभी राहिली. राग कुठं काढावा तेच कळंना. दगडाबाई दुष्ट असती तर सोपं होतं. दुष्ट बाईच्या हातातून लेकरू हिसकून घेता येतं.

दहाव्या दिवशी पोरीचं रडणं मांजराच्या पिलासारखं झालं. टाळू आत गेली होती. धुरपताबाईनं न्हाऊ घालताना टाळूवरून बोट पटकन काढून घेतलं, आन् हेच कोकिळाला जास्त लागलं.

दुपारच्या वक्ताला गावाबाहेरच्या सडकेवर खटारा घरघरला आन् आसाराम घरात आला. अंगावर पांढरी धूळ, भिवयासुदीक पांढऱ्या. खटारा मानवतकडं निघाला होता, पाणी भरायला थांबला होता. मुकादमानं घटकाभर सोडलं होतं.

"आत्या, काय झालं? पोरगं का पोरगी? मला तर वाटंत कळलं, तेबी पानीवाल्याकडून!"

"पोरगी. हात धू आधी."

तो न्हाणीकडं वळला. कोकिळा मागच्या दारातच उभी होती. बाळंतिणीची खोली, बाप्या माणसानं उंबरा वलांडायचा न्हाई. ती आत, तो बाहेर. सव्वा महिन्यानं पहिल्यांदा दिसत होता, आन् ती काय बोलली?

"तुमच्या पावडरीनं मुंग्या मरत्यात का?"

"आं?"

"मुंग्या. मरत्यात का?"

"मरत्यात की. मुंग्या, माशा, ढेकनं. झुरळं बी. कामून?"

कोकिळानं परत सगळं सांगितलं, ह्यावेळी सावकाश. ऐकता ऐकता आसारामचं तोंड बदलत गेलं. आधी हसला. मंग हसणं गेलं. मंग तो चिडला.

"म्हंजी मी केलं हे? मपल्याच हातानं?"

"मी असं मनलं का?"

"तसंच मनायलीस तू! सायेब मनतो मानसाला कायी व्हत न्हाई त्यानं. आता मी आत्याला सांगू का, पावडरीनं मुंगी मरती? उद्या सगळं गाव मनंल, आसारामनं घरात इख फासलं. एक मानूस पंप आत घेऊ देनार न्हाई. नोकरी जाईल मपली."

"बरं," कोकिळा म्हणाली. "मंग नका सांगू. पोर बघून घ्या एकदा आन् जावा. परत येताल तवा दिसंल का न्हाई, मला ठावं न्हाई."

तो तिच्याकडं बघत राहिला. ती रडत नव्हती. रडली असती तर त्यानं अजून चार शब्द सुनावले असते.

तो ओसरीकडं गेला. बोलणं कोकिळाला ऐकू आलं, आधी त्याचं, मंग दगडाबाईचं चढलेलं. "मंग तूच इख फासलंस भिताडाला? माय वं! आन् मला मनला सारवू नको!" "आत्या, तसं न्हाई, आधी ऐक!" "काय ऐकू, मुडद्या?" "तू ये तर न्हाणीत. मुंगीचंच ऐकतीस ना तू? मुंगीलाच इचारू."

दोघं न्हाणीत आले. दगडाबाईच्या काखेत पोर. आसारामनं कोकिळाकडून वाटी घेतली, राखेनं घासली, तीन पाण्यानं धुतली. मंग म्हणला, "आत्या, रीतीची मुंगी पयले. खोलीतली. तूच धरून आन."

दगडाबाई आत गेली. जिती मुंगी शोधायला तिला बराच वेळ लागला. एक घेऊन आली चिमटीत. आसारामनं पपईचं वाळलं पान पुढं केलं. "ह्याच्यावर सोड."

"पानावर? दुधात सोडायची आसती."

"दूध न्हाई. कोरड्या पानावर सोड. नुसतं बघ."

मुंगी पानावर चालली. दोन बोटं चालली. मंग तिचे मागचे पाय लटपटले, ती आडवी झाली, गोल फिरली आन् उताणी पडून पाय झाडायला लागली. पानावर ना दूध होतं ना पाणी.

दगडाबाईनं पान उलटं करून बघितलं, कुठं ओल हाय का म्हणून.

कोकिळानं उंबऱ्याच्या आतच पाठ फिरवून वाटीत दूध पिळलं. आसारामनं झाडाच्या बुडची एक मुंगी काडीवर घेतली आन् दुधात सोडली. मुंगी बुडाली, वर आली. पाय मारायला लागली. तिघंबी वाटीवर वाकले. चौथी काखेत, डोळे मिटून. मुंगी मधीच थांबली. हलंना.

"मेली," दगडाबाई म्हणली.

मुंगी हलली. परत पाय मारले. वाटीच्या कडंला टेकली, एकदा घसरली, परत चढली. काठावर येऊन बसली आन् मिशा पुसायला लागली. पुसून झाल्यावर वाटीच्या बाहेरून खाली उतरली आन् गेली.

मंग दगडाबाई म्हणली, "मपल्या टायमाला पावडर कुटं होती?"

कोकिळाला उत्तर ठाऊक होतं. आठव्या दिवशी तिनंच ते तोंडावर फेकलं होतं. पण आता तिनं ओठ दाबून धरले. आसारामला एवढा पोच नव्हता.

"बुडाली आसंल," तो म्हणला. "धा सोडल्या तर दोन-चार बुडत्यातच की."

दगडाबाईनं त्याच्याकडं बघितलं. मंग काखेतलं दुपटं त्याच्या हातात दिलं, जसं कोणी निवडायचं सूप दुसरीच्या हातात देतं. "धर," म्हणली. आन् पदर डोक्यावर वढून न्हाणीपल्याडच्या गोठ्याकडं चालती झाली. गोठ्यात जनावर नव्हतं. दुपारी सगळी रानात. ती तिथं रिकाम्या दावणीजवळ जाऊन बसली, तोंड भिताडाकडं करून.

"काय झालं तिला?" आसाराम म्हणला.

"तुमी पोर द्या इकडं."

त्यानं उंबऱ्यावरून हात लांबवले. कोकिळानं पोर घेतली. लय हलकी झाली होती. वाटीतलं दूध, ज्यातून मुंगी गेली होती ते, झाडाला घालून दिलं, वाटी धुतली आन् परत पिळलं. दूध आलं. कापसाची वात बुडवली, पोरीच्या ओठाला लावली. पोर हलंना. अजून एक थेंब. अजून एक. मंग गळ्यापाशी कायतरी खालीवर झालं. गिळलं. परत गिळलं. दहाव्या वातीला पोरीनं डोळे उघडले आन् वात ओठांत दाबून धरली, सोडंना.

आसाराम उंबऱ्याबाहेर उकिडवा बसून बघत होता. "जीभ दाव," म्हणला. कोकिळानं बोटानं हनुवटी खाली केली. त्याला दिसलं. त्याची नजर तेज होती, पहिल्या झटक्यात दिसलं.

"एवढाच दोरा?"

"एवढाच."

"ह्याच्यासाठी एवढं?" त्यानं पपईच्या बुंध्यावर मूठ हाणली. "सेलूला न्हेतो. येत्या बेस्तरवारी खटारा परत फिरंल तवा रजा काढतो, बैलगाडी जोडतो. तवर असं वातीनंच पाज. दिवसातनं धा वेळा, पंधरा वेळा."

"पाजते."

"आन् आत्याचं मनावर घेऊ नको. येईल ठिकान्यावर."

कोकिळानं गोठ्याकडं बघितलं. दगडाबाई तशीच बसली होती. पाठ हलत नव्हती, पदर हलत नव्हता. आता ह्या घरात पोर होती, दूध होतं, आन् बोलायला कोणी नव्हतं. ज्या बाईनं मुंगीचं ऐकून आपल्या दुसऱ्या लेकराचं दूध तोडलं, तिच्यापुढं रोज बसून वात भरायची. ती विचारंल तर काय सांगायचं? न विचारंल तर काय करायचं?

"अवं," ती म्हणाली. नवऱ्याला असं मागणं तिनं कधी घातलं नव्हतं. "आजचा दिस थांबा की. मी एकली त्यांच्याशी काय बोलू?"

सडकेवरून खटाऱ्याचा भोंगा वाजला. एकदा. मंग लगेच दुसऱ्यांदा, लांबलचक. आसाराम उठला, खाली बसला, परत उठला. खांद्यावरची पांढरी धूळ झटकली, पोरीच्या तळपायाला एका बोटानं हात लावला.

"मुकादम शिव्या घालायला लागला आसंल," तो म्हणला. "मला निघाया पायजे आता."